नवसागराचं निम्मं वजन

सूरमध्ये रात्रीचे पावणेनऊ, खेडला सव्वादहा.
नाझनीन फोनसमोर वही धरते, तिरकी,
पंख्याच्या वाऱ्यानं पान सारखं उलटतंय.
"अब्बा, बाष्पघनता आली.
आता दोननं गुणायचं, ते पाठ आहे.
पण दोननंच का?"

मी दिवसभर अमोनियाच्या टाक्यांखाली उभा असतो.
साडेआठ दुणे सतरा.
हवेहून हलका, वर जाणारा, असं तिच्या पुस्तकात आहे
आणि ते खरंच आहे.
फक्त गळती झाली की तो आधी
थंडगार ढग होऊन जमिनीलगत सरपटतो,
बुटांपर्यंत येतो.
हे चेरियनला माहीत आहे, मला माहीत आहे,
गेटावरच्या नारिंगी कापडी नळीला माहीत आहे.
परीक्षेत येत नाही.

म्हटलं, तराजू घे.
एका पारड्यात तुझा वायू,
दुसऱ्यात तेवढ्याच जागेत मावणारा हायड्रोजन.
त्याच्या किती पट भरला, ती बाष्पघनता.
पण हायड्रोजनचा अणू एकटा कुठं हिंडतो?
जोडीनंच असतो.
आपण ज्याला 'एक' म्हणून माप धरलं
ते माप मुळात दोघांचं.
म्हणून दोन.

"हं," ती म्हणाली.
हे हं माझ्या आईचं आहे,
पटलं तरी हातचा एक राखून.

मग तिनं फुली मारलेलं गणित काढलं.
नवसागर. रेणुवस्तुमान साडेत्रेपन्न.
म्हणजे बाष्पघनता पावणेसत्तावीस यायला हवी.
उत्तरात छापलंय, तापवून मोजली तर
तेरा पूर्णांक चार.
"निम्मी! छपाईची चूक असणार."

चूक नाही गं.
नवसागर मला तुझ्या पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक.
भरणे नाक्यावर माझे वडील कल्हई करायचे,
भाता मी ओढायचो.
पातेलं तापलं की कथलाचा तुकडा,
चिमूटभर नवसागर, कापसाचा बोळा,
एक गरगर फिरवलेला हात,
आणि भसकन पांढरा धूर.
नाकात मुंग्या, डोळ्यांतून पाणी.
वडील म्हणायचे, श्वास धर, आत बघ.
काळ्या पातेल्यात माझंच तोंड
हळूहळू उजळत वर यायचं.
त्या धुरातला एक वाटेकरी
इथं पाइपांतून वाहतो. त्याची राखण
हीच माझी नोकरी.

तापला की नवसागर फुटतो,
एका रेणूचे दोन होतात,
अमोनिया इकडे, हायड्रोजन क्लोराईड तिकडे.
वजन तेवढंच राहतं, जागा दुप्पट लागते.
कुणी काही चोरलेलं नसतं.
मोजणारा मात्र म्हणतो, माल कमी भरला.

ती पेन चावत बसली.
पडद्याच्या कडेला एक कोपर,
त्यावर पिठाचा पांढरा डाग. सफूरा.
कणकेची परात घेऊन ऐकत असणार मघापासून.

"मग फुटलेलं परत जुळतं?"
थंड झालं की. नळीचा गार काठ असतो ना,
तिथं पुन्हा पांढरी पूड धरते.
आपोआप. कुणी बोलवावं लागत नाही.

यावर कोपर हललं.
"विचार त्यांना, रजा कुठल्या काठावर अडकलीय?"
नाझनीन हसली. मीही हसलो, उशिरा,
मध्ये उपग्रह असतो म्हणून.
डिसेंबर, म्हणालो. सही झाली तर.
तिनं फुलीवर फुली गिरवून
तिचं बरोबरचं चिन्ह करायचा प्रयत्न केला.
जमलं नाही. पान उलटलं.

फोन ठेवून बाहेर आलो.
खाडीत एक जुनं गलबत, दिवा न लावलेलं.
ऑगस्टची हवा अंगाला ओल्या गोणपाटासारखी.
पाण्याची वाफ नऊ, कोरडी हवा साडेचौदा,
म्हणजे दमट हवा हिशोबानं हलकी.
पुन्हा एकदा मनात मांडून पाहिलं.
हलकीच येते.

शर्ट पाठीला चिकटलेला.
उद्या पहाटे साडेपाचची पाळी.